पंपिंग आणि पाय

तीस मीटरचा व्हरांडा, दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, भिंतीला टेकवलेली एक प्लास्टिकची खुर्ची आणि फिजिओथेरपिस्टच्या हातात घड्याळ. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीला एवढंच साहित्य लागतं. रुग्णाने आपल्या चालीने या शंकूपासून त्या शंकूपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. दम लागला तर थांबावं, वाटलं तर खुर्चीत बसावं, बरं वाटलं की पुन्हा निघावं. घड्याळ मात्र थांबत नाही. सहा मिनिटं संपली की मीटर मोजायचे. कॅनडातल्या गॉर्डन गायट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हृदयाच्या आणि फुप्फुसाच्या जुनाट रुग्णांवर ही चाचणी वापरून दाखवली. इतक्या कमी खर्चात इतकं खरं बोलणारी दुसरी चाचणी मला तरी माहीत नाही.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. रुग्ण तपासणं माझं काम नाही, पण गेली काही वर्षं गुरुवारी सकाळी मी त्या व्हरांड्यात जाऊन बसते. वर्गात फळ्यावर जे काढते ते चालताना कसं दिसतं, एवढ्याच उत्सुकतेपोटी. एका गुरुवारी पाठोपाठ दोघेजण आले. पहिले निवृत्त पोस्टमन. त्यांच्या इकोच्या कागदावर पंपिंग पंचवीस टक्के लिहिलेलं. (आपल्याकडे ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ कोणी म्हणत नाही. डॉक्टरसुद्धा नातेवाइकांशी बोलताना ‘पंपिंग’च म्हणतात, आणि तो शब्द चांगला आहे.) ते सहा मिनिटं न थांबता चालले आणि शेवटी म्हणाले, “झालं? एवढंच?” दुसरे किराणा दुकानदार, आयुष्य गल्ल्यावर बसून गेलेलं. त्यांचं पंपिंग चाळीस, म्हणजे कागदावर पोस्टमनपेक्षा कितीतरी बरं. तिसऱ्या फेरीत त्यांनी भिंतीला हात लावला. सुनेने विचारलं, “दम लागला का, मामंजी?” ते म्हणाले, “दम नंतर लागला. आधी पाय गळाले.”

या पुस्तकाचा सगळा विषय त्या ‘आधी’ या शब्दात आहे.

पोस्टमन आणि दुकानदार ही माझ्या डोळ्यांसमोरची जोडी झाली, पण गोष्ट जुनी आहे. फ्रान्सिओसा, पार्क आणि लेव्हिन या अमेरिकन डॉक्टरांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं, की विश्रांतीत मोजलेलं हृदयाचं काम आणि माणसाची श्रम करण्याची ताकद यांचा मेळ बसत नाही. त्या काळी याने बरेचजण चक्रावले. हृदय म्हणजे पंप, पंप बिघडला की पाणी कमी, पाणी कमी की वरच्या मजल्यावर नळ कोरडा, असा सरळ हिशेब होता. पण मग पंप औषधाने तात्पुरता जोरात चालवला, तर त्याच दिवशी माणूस जास्त चालायला हवा. तसं होत नाही. आणि हृदय बदलून नवं बसवलं तर चालण्याची ताकद लगेच पूर्ण परत यायला हवी. तीही येत नाही. बिघाडाचा काही भाग नळात आहे, म्हणजे पायात आहे, हे मानायला वैद्यकाला दहा-बारा वर्षं लागली.

नळात काय झालेलं असतं ते बघण्यासारखं आहे. हृदय दीर्घकाळ दुर्बल असलेल्यांच्या मांडीच्या स्नायूचा सुईने घेतलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की सावकाश आणि दीर्घकाळ काम करणारे तंतू कमी झालेले दिसतात. झटकन जोर लावून झटकन थकणारे वाढलेले असतात. केशवाहिन्या विरळ होतात. जर्मनीत ड्रेक्सलर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मोजलं, तेव्हा स्नायूतल्या मायटोकाँड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या केंद्रांनी, व्यापलेली जागा निरोगी माणसांपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमी निघाली. त्याआधी, १९८०च्या दशकात, चुंबकीय अनुनादाने जिवंत स्नायूच्या आतलं रसायन वाचता येऊ लागलं होतं. या रुग्णांच्या हातापायाच्या स्नायूत, रक्त पुरेसं पोचत असतानाही, क्रिएटिन फॉस्फेट या झटपट इंधनाचा साठा लवकर संपतो आणि आम्लता लवकर साचते, असं त्यातून दिसलं.

यापुढचा प्रयोग माझा लाडका आहे. १९९६ मध्ये पिएपोली, कोट्स आणि इतरांनी रुग्णांना हाताची मूठ आवळायला लावली. आवळणं थांबवलं त्याच क्षणी दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा फुगवून हाताचं रक्त अडवलं, म्हणजे थकलेल्या स्नायूत साचलेले पदार्थ तिथेच कोंडले. हात स्वस्थ, माणूस खुर्चीत बसलेला, तरी श्वास चढलेलाच राहिला. पट्टा सोडला की उतरला. निरोगी माणसातही हे थोडं होतं, हृदयरुग्णात फार होतं. म्हणजे थकलेला स्नायू स्वतःच मेंदूला ‘श्वास वाढव’ असा निरोप पाठवत होता, आणि हृदयाचा त्या घडीला त्यात काहीच हात नव्हता. दुकानदार म्हणाले ते शब्दशः खरं होतं. कोट्स यांनी १९९४ मध्ये यालाच ‘स्नायू-गृहीतक’ म्हटलं: दुर्बल हृदयामुळे स्नायू खालावतो, खालावलेला स्नायू श्वास आणि ताणाचे संकेत वाढवतो, त्या ताणाचा भार पुन्हा हृदयावर येतो. त्यात जुन्या सल्ल्याने भर घातली. एके काळी या रुग्णांना महिनोन्महिने अंथरुणावर पडून राहायला सांगत. पाय खालावायला त्याहून चांगली युक्ती शोधून सापडली नसती.

आता दुकानदारांबरोबर आलेल्या एका बाटलीकडे. दुकानदारांच्या सुनेच्या पिशवीत त्या दिवशी दोन गोष्टी होत्या: स्टीलच्या थर्मासमध्ये अर्जुनसालीचा काढा, आणि पाण्याच्या जुन्या बाटलीत बीट, गाजर आणि आवळ्याचा गडद रस. रस एका व्हॉट्सअॅप संदेशावरून सुरू झाला होता, काढा एका मावसभावाच्या सांगण्यावरून. तिने मला विचारलं, “मॅडम, यातलं काय दिलं तर चालेल?” मी डॉक्टर नाही, हे तिला सांगितलं. पण प्रश्न घरापर्यंत माझ्याबरोबर आला. या पुस्तकाची कल्पना तिथूनच निघाली, त्यामुळे तो प्रश्न मी इथे टाळू शकत नाही.

रसाच्या मागे एक तर्क आहे, आणि तो मूर्खपणाचा नाही. स्नायूत साखर आणि चरबी जाळताना थोडा ऑक्सिजन अर्धवट अवस्थेत निसटतो. त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये म्हातारपणाचं खापर अशा मुक्त मूलकांवर फोडलं. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना सुपरऑक्साइड आवरणारं विकर आपल्याच पेशींत सापडलं. दुर्बल हृदयाच्या रुग्णात हे सुपरऑक्साइड जास्त तयार होतं आणि आवरणारी विकरं कमी पडतात. त्यातून आणखी एक नुकसान होतं. रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, तो वाहिनी सैल करतो आणि स्नायूकडे रक्त वळवतो. (या वायूचं शरीरातलं हे काम शोधल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.) सुपरऑक्साइड या वायूला गाठून खाऊन टाकतं आणि दोघांतून पेरॉक्सिनायट्राइट हे अधिकच त्रासदायक रसायन तयार होतं. रक्तवाहिनी आखडते, मायटोकाँड्रियांची प्रथिनं खराब होतात, पाय लवकर थकतो. मग सुपरऑक्साइड शोषून घेणारी, म्हणजे अँटिऑक्सिडंट, भाजी-फळं द्यावीत. एवढा तर्क पुरेसा सरळ आहे, म्हणूनच तो व्हॉट्सअॅपवर चालतो.

पण वैद्यकाने हा तर्क आपल्या आधीच करून पाहिला होता, आणि त्याचा अनुभव वाईट आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत १९९४ मध्ये दिसलं, की बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त झाला. हे हृदयाचं नव्हतं म्हणून सोडून देऊ. पण ‘होप’ चाचणीचा पुढचा टप्पा २००५ मध्ये छापून आला, तो हृदयाचाच होता. रक्तवाहिन्यांचा आजार किंवा मधुमेह असलेल्या, पंचावन्नच्या वरच्या लोकांना ४०० युनिट ई जीवनसत्त्व रोज, साधारण सात वर्षं. कर्करोग टळला नाही, हृदयविकार टळला नाही, आणि हृदय दुर्बल होण्याचं प्रमाण उलट १३ टक्क्यांनी वाढलं. सुपरऑक्साइड तयार करणाऱ्या एका विकरावर थेट घाव घालणारं अॅलोप्युरिनॉल २५३ रुग्णांच्या चाचणीत २४ आठवडे दिलं. २०१५ मध्ये आलेल्या निकालात चालण्याचं अंतर वाढलं नाही, प्रकृतीही सुधारली नाही.

मला सर्वात विचार करायला लावला तो २००९ मधल्या एका जर्मन प्रयोगाने. तरुण, धडधाकट मुलांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना सोबत सी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या, अर्ध्यांना नुसता व्यायाम. इन्सुलिनचा परिणाम सुधारला, तो नुसत्या व्यायामवाल्यांत. गोळ्या घेतलेल्यांत तो फायदा हरवला. कारण व्यायामाच्या वेळी स्नायूत उडणारे तेच ऑक्सिडंट पेशीला सांगत असतात: ‘मायटोकाँड्रिया वाढवा, संरक्षक विकरं बनवा.’ गोळ्यांनी तो निरोपच दाबून टाकला. द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेराट्रोलचीही हीच गत झाली. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये वयस्क पुरुषांना आठ आठवडे व्यायाम आणि सोबत रोज २५० मिलिग्रॅम रेझव्हेराट्रोल दिलं, तर ऑक्सिजन वापरण्याची क्षमता वाढली खरी, पण ते न घेणाऱ्यांत वाढली त्याहून कमी. उंदरांत हेच रेझव्हेराट्रोल चमत्कार करतं. उंदराचा चमत्कार आणि माणसाचा निकाल यांतलं अंतर या पुस्तकात अनेकदा भेटेल.

मग वनस्पतींना काहीच अर्थ नाही का? तसं नाही. माझं म्हणणं एवढंच, की ‘अँटिऑक्सिडंट’ हे नावच त्यांना चुकीचं पडलं आहे.

स्वयंपाकघरात बघा. वांगं चिरलं की आपण फोडी पाण्यात टाकतो, नाहीतर काळ्या पडतात. तो काळेपणा म्हणजे वांग्यातलं क्लोरोजेनिक आम्ल, एक पॉलिफिनॉल, हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून बदलतंय. परीक्षानळीत वांग्याचा अर्क टाकला तर तो आसपासचं ऑक्सिडीकरण थोपवतो, कारण स्वतःच आधी बळी जातो. याच तत्त्वावर अमेरिकेच्या कृषी विभागाने पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता मोजणारा तक्ता छापला होता, ज्याच्या आधारे जगभर ‘सुपरफूड’ विकली गेली. २०१२ मध्ये त्यांनी तो संकेतस्थळावरून काढून टाकला. कारण साधं होतं: परीक्षानळीतला आकडा माणसाच्या शरीरातल्या परिणामाबद्दल काही सांगत नाही. जेवणातलं पॉलिफिनॉल आतड्यातून थोडंच आत जातं, यकृत त्याला लगेच दुसरं रूप देतं, आणि रक्तात उरतं ते पेशीच्या स्वतःच्या अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे ग्लुटाथायोनच्या, तुलनेत नगण्य. चमचाभर पाण्याने वणवा विझवण्यासारखं ते आहे.

ही रसायनं झाडाने आपल्यासाठी केलेलीच नाहीत. बहुतेक किडीला, बुरशीला, गुरांना दूर ठेवण्यासाठी आहेत. मोहरी किंवा मुळा चावल्यावर नाकात जी झणझण येते तो त्यातलाच एक प्रकार. ब्रोकोलीतल्या सल्फोराफेनचा अमेरिकेत १९९२ मध्ये जो अभ्यास झाला, त्यातून उलगडलं ते असं: हा सौम्य त्रास पेशीला झाला की पेशी जागी होते आणि स्वतःची संरक्षक विकरं बनवायला घेते. काम वनस्पती करत नाही, ती फक्त डिवचते. आणि डिवचणं किती हे महत्त्वाचं. तुळशीत आणि लवंगेत असलेल्या ओलिॲनोलिक आम्लापासून रसायनज्ञांनी बार्डोक्सोलोन नावाचं औषध घडवलं, याच संरक्षक यंत्रणेला जोरात चालू करणारं. मधुमेहात मूत्रपिंड बिघडलेल्या २,१८५ रुग्णांवर त्याची चाचणी सुरू झाली आणि २०१२ मध्ये घाईने थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत हृदय दुर्बल होऊन रुग्णालयात जाणं किंवा मृत्यू ९६ जणांच्या बाबतीत झाला आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत ५५ जणांच्या. लवंग खाऊन असं होत नाही. पण ‘वनस्पतीचं आहे, अपाय कसला?’ असं म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. पिवळी कण्हेरसुद्धा वनस्पतीच आहे आणि तिची बी थेट हृदयाचे ठोके थांबवते.

आता बीट. या पुस्तकातलं माझं आवडतं प्रकरण बिटावर आहे. अमेरिकेत सेंट लुईस इथे कॉगन, पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये पंपिंग कमी असलेल्या नऊ रुग्णांना दाट केलेला बिटाचा रस पाजला, दोन तासांनी यंत्रावर बसवून गुडघा ताणायला लावला. जलद हालचालीत मांडीच्या स्नायूची ताकद साधारण ११ ते १३ टक्क्यांनी वाढली. नऊच माणसं, एकच घोट. पण या प्रयोगातला खरा शहाणपणा तुलनेच्या पेल्यात होता. दुसऱ्या वेळी त्याच रुग्णांना तोच लालभडक रस दिला, तीच चव, तीच रंगद्रव्यं, म्हणजे परीक्षानळीत मोजले जाणारे बिटाचे ‘अँटिऑक्सिडंट’ सगळे जागच्या जागी. फक्त नायट्रेट काढून टाकलेलं. तो पेला पिऊन ताकद वाढली नाही. म्हणजे काम केलं नायट्रेटने, आणि नायट्रेट काही अँटिऑक्सिडंट नव्हे.

नायट्रेटचा प्रवासही मजेशीर आहे. रक्तात शोषलेलं नायट्रेट लाळेत परत येतं, जिभेच्या मागच्या भागातले जंतू त्याचं नायट्राइट करतात, ते गिळलं जातं आणि शरीरात त्याचा नायट्रिक ऑक्साइड होतो. जंतुनाशक द्रवाने रोज गुळण्या करणाऱ्याच्या तोंडात हे जंतू फारच कमी उरतात, मग बीट पिऊनही फायदा फारसा पोचत नाही. उकडून पाणी फेकलं तर नायट्रेट पाण्याबरोबर जातं. आणि पंपिंग बरं पण हृदय ताठ झालेल्या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांना नायट्राइट नाकातोंडाने हुंगायला देऊन चार आठवडे पाहिलं, तर १०५ जणांत श्रम करण्याची क्षमता वाढली नाही. बिटाच्या बाबतीत एवढंच म्हणावं: रस्ता खरा आहे, किती लांब जातो ते अजून कोणी चालून पाहिलेलं नाही.

कोकोची गोष्ट याच्या शेजारी ठेवावी. सॅन डिएगोमध्ये पॅम टॉब आणि सहकाऱ्यांनी मधुमेह आणि दुर्बल हृदय असे दोन्ही असलेल्या पाच रुग्णांना तीन महिने एपिकॅटेचिन या पॉलिफिनॉलने समृद्ध कोको दिला. आधी आणि नंतर मांडीचा तुकडा काढला. सुरुवातीला मायटोकाँड्रियांच्या आतल्या घड्या उसवलेल्या दिसत होत्या, नंतर त्या पुन्हा भरून आल्या आणि नवे मायटोकाँड्रिया घडवण्याचे संकेतही वाढले. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पाच रुग्ण, तुलनेचा गट नाही, पण स्नायूच्या आतली ती चित्रं बघून कोणीही थबकेल. त्याच वर्षी झ्युरिकमध्ये वीस रुग्णांना फ्लॅव्हनॉलयुक्त चॉकलेट देऊन रक्तवाहिन्यांचं अस्तर सुधारतं हे दिसलं. मोठी चाचणी, ‘कॉसमॉस’, २१,४४२ वयस्क लोकांवर कोकोचा अर्क देऊन झाली आणि २०२२ मध्ये निकाल आला: हृदयाच्या एकंदर घटनांत ठरवलेला फायदा सिद्ध झाला नाही. ते लोक रुग्ण नव्हते, स्नायूचा प्रश्नही तिथे विचारलेला नव्हता. पण दुकानातल्या साखर-तुपाच्या चॉकलेटने पाय सुधारतील असं या तिन्हीतून एकाही अभ्यासाने म्हटलेलं नाही, हे सांगितलं पाहिजे.

हृदयासाठी युरोपात जे स्थान हॉथॉर्न या काटेरी झुडपाच्या फळापानाला आहे ते आपल्याकडे अर्जुनाला. हॉथॉर्नच्या अर्काची २,६८१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि ठरवलेला फायदा दिसला नाही. मिशिगनमध्ये १२० रुग्णांवर सहा महिने झाली, तिथे मोजमाप आपलंच होतं, सहा मिनिटांचं चालणं, आणि ते वाढलं नाही. अर्जुनाबद्दल मात्र मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण आपली माणसं त्याच्यावर खरंच विश्वास ठेवतात आणि तो विश्वास ऐकून घ्यायला हवा.

नदीकाठी वाढणारा, पांढुरक्या, गुळगुळीत सालीचा हा वृक्ष अष्टांगहृदयकार वाग्भटापासून हृदयाशी जोडला गेला. नंतरच्या चक्रदत्तात तर सालीचा दुधातला क्षीरपाक सांगितला आहे. काष्ठौषधीच्या दुकानात ही साल आजही वजनावर मिळते. १९२९ मध्ये कलकत्त्यात चोप्रा आणि घोष यांनी तिचं रसायनशास्त्र तपासलं. १९९५ मध्ये इंदूरच्या डॉक्टरांनी, बाकी औषधांनी न आवरलेल्या, बिछान्यात बसूनही दम लागणाऱ्या बारा रुग्णांना सालीचा अर्क ५०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी दोन आठवडे दिला, दोन आठवडे थांबून तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दोन आठवडे दिली, कोणी कधी काय घेतंय हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही माहीत नसताना. अर्कावर असताना रुग्णांना बरं वाटलं. हा अभ्यास नीट आखलेला होता आणि म्हणूनच त्याचा हवाला आजही दिला जातो. मग दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १०० रुग्णांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली, ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि २०१६ मध्ये निष्कर्ष आला: पंपिंग बदललं नाही, रक्तपेशींतली संरक्षक विकरं मात्र टिकून राहिली. पंपिंग बदललं नाही म्हणून अर्जुनाला निकालात काढणारे आणि विकरं टिकली म्हणून जाहिरात करणारे, दोघेही मला सारखेच घाईचे वाटतात. ज्या मांडीच्या स्नायूबद्दल हे पुस्तक आहे, तिथे अर्जुन काय करतो हे बघायला कोणी सुई घातलेली नाही.

रसाच्या बाजूला बसलेल्या आणखी दोन गोष्टींबद्दल बोलायला हवं, कारण त्या घरात रोज घडतात. पहिली चहा. दुर्बल हृदयाच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या शरीरात लोह कमी असतं आणि लोहाशिवाय मायटोकाँड्रिया इंधन जाळू शकत नाहीत. शिरेतून लोह दिल्यावर २००९ च्या ‘फेअर-एचएफ’ चाचणीत ४५९ रुग्णांपैकी लोह घेणाऱ्या निम्म्यांनी आपल्याला पुष्कळ किंवा मध्यम प्रमाणात बरं वाटतंय असं सांगितलं, न घेणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांनीच. आणि चहातलं पॉलिफिनॉल जेवणातल्या भाजी-डाळीच्या लोहाला चिकटून ते आतड्यात जाऊ देत नाही. ज्या रसायनाचं कौतुक आपण पुढच्या पानांत करतो तेच इथे वैरी. जेवणाच्या ताटावरच चहा पिणाऱ्या घरांत हे आधी सांगावं. दुसरी गोष्ट शहाळं. रुग्णाला बघायला येणारा पाहुणा शहाळं घेऊन येतो, त्यात पोटॅशियम भरपूर, आणि हृदयाच्या काही औषधांनी पोटॅशियम आधीच वर गेलेलं असतं. बीट, टोमॅटो, नारळपाणी हे सगळं त्या आकड्याच्या हिशेबात मोजायचं, आणि तो आकडा दर थोड्या दिवसांनी तपासायचा.

आणि पाय? पायांचं उत्तर थोडं कंटाळवाणं आहे, म्हणून ते बाटलीत विकता येत नाही. २००५ मध्ये लाइप्झिगमध्ये २३ रुग्णांवर काम झालं. निम्म्यांनी सहा महिने सायकल चालवली, बाकीचे नेहमीसारखे राहिले. आधी आणि नंतर मांडीचा तुकडा तपासला. ज्यांनी सायकल चालवली त्यांच्या स्नायूतच ऑक्सिडंट आवरणारी विकरं, कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, लक्षणीय वाढली. व्यायामात उडालेल्या ऑक्सिडंटांनीच स्वतःचा बंदोबस्त करून घेतला. मोठ्या प्रमाणावर, २,३३१ रुग्णांच्या ‘एचएफ-अॅक्शन’ चाचणीत २००९ मध्ये व्यायामाने मृत्यू आणि रुग्णालयात भरती यांत मामुली घट दिसली, तीही रुग्णांतले फरक हिशेबात घेतल्यावर. पण व्यायाम सुरक्षित आहे, हे तिथे निर्विवाद ठरलं. पुढच्या पानांत व्यायामाचं प्रकरण शेवटी आहे. संपादकांना ते सुरुवातीला घ्यायचं होतं, मी हट्टाने शेवटी ठेवायला लावलं, कारण अँटिऑक्सिडंटचा हा सगळा गुंता वाचून झाल्यावरच त्याचं महत्त्व पटेल.

हे पुस्तक अनेकांच्या लेखांचा संग्रह आहे. त्यात हृदयरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि वैद्य असे चारही प्रकारचे लेखक आहेत. त्यांचं एकमेकांशी जमतंच असं नाही. अर्जुनाच्या प्रकरणात दोघांनी समासात वाद घातलाय, तो तसाच छापला आहे. वाचकाने आपल्या औषधात स्वतः बदल करू नये, हे सांगायला मला संकोच वाटतो, पण व्हरांड्यात बसून जे पाहिलंय त्यावरून सांगतेच.

गेल्या गुरुवारी दुकानदार पुन्हा आले होते. सुनेच्या पिशवीत तीच बाटली, तोच लाल रंग. मी तिच्याकडे बघितलं तर ती हसली. “नाही हो, यांना नाही देत. यांचं पोटॅशियम वाढलंय म्हणून डॉक्टरांनी बंद केलंय. घरात किलोभर बीट आणलेलं, टाकवत नाही, म्हणून मीच पिते.” तिने झाकण उघडून घोट घेतला, तोंड वाकडं केलं. मामंजी पाचव्या फेरीत होते, भिंतीला हात न लावता.